सैन्यातून पेपरात आलेल्या आजोबांचं चरित्र: सुरुवात कुठून करायची?

एका वाचक मुलीचा प्रश्न थोडक्यात असा: "माझे आजोबा १९६३ मध्ये इमर्जन्सी कमिशनवर सैन्यात गेले. आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये, म्हणजे रसद पोचवणाऱ्या दलात होते, १९६५ च्या युद्धात पंजाबात होते. १९६८ मध्ये सुटून पुण्याला आले, एका मराठी दैनिकाच्या वितरण विभागात लागले आणि १९९८ मध्ये सरव्यवस्थापक म्हणून निवृत्त झाले. गेल्या वर्षी ते वारले. घरात त्यांची ट्रंक आहे. तीन पदकं, इनलँड पत्रांचा गठ्ठा, ऑफिसच्या डायऱ्या. काका म्हणतात पुस्तक युद्धावर कर, पेपरच्या नोकरीत लिहिण्यासारखं काय असतं? मला दोन्ही लिहायचंय. कुठून सुरुवात करू?"

तुमच्या काकांसारखं बोलणारी माणसं मला अनेक घरांत भेटली आहेत आणि त्यांचं म्हणणं मला कधीच पटलेलं नाही. पुण्यातल्या मराठी दैनिकाच्या वितरण विभागात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली, आणि निवृत्तीनंतर मी अशी घरगुती चरित्रं तयार करायला कुटुंबांना मदत करतो. सैन्यातून आमच्या धंद्यात आलेल्या माणसांवरच्या पुस्तकांचा साचा ठरून गेलाय. पहिली चाळीस पानं युद्धाची, तीही दुसऱ्या पुस्तकांतून उतरवलेली. मग नोकरीची सगळी वर्षं दोन पानांत, सोबत शाल-श्रीफळाचा फोटो. पुस्तक संपतं आणि माणूस कुठेच भेटत नाही. तुमचे आजोबा सैन्यात पाच वर्षं होते, पेपरात तीस. युद्धात त्यांनी हुकूम पाळले. पेपरात रोज रात्री निर्णय घेतले. माणूस शोधायचा तर तो त्या निर्णयांत शोधायला हवा.

अडचण अशी की व्यवस्थापनातला माणूस मागे सही ठेवत नाही. संपादकाचे अग्रलेख राहतात, बातमीदाराचं नाव कात्रणांत सापडतं. वितरणवाल्याचं काम सकाळी सहापर्यंत आटोपलेलं असतं आणि नीट झालं असेल तर त्याची कुठे नोंदही होत नाही. अंक दारात पडला एवढाच त्याचा पुरावा, आणि तो पुढे रद्दीत जातो. पण बारकाईने शोधलं तर बरंच हाती लागतं. ते कसं, हे सांगायला थोडं लांब लिहितो.

आधी ट्रंक. पदकांना ब्रासो वगैरे अजिबात लावू नका. गोल पदकांच्या कडेवर क्रमांक, हुद्दा आणि नाव बारीक कोरलेलं असतं आणि घासून घासून तेच पहिलं झिजतं. भिंग घेऊन ती ओळ वाचा आणि वहीत उतरवा. तीन पदकं म्हणताय, तर बहुधा समर सेवा स्टार, रक्षा पदक आणि सैन्य सेवा पदक असणार. यातलं रक्षा पदक १९६५ मध्ये ठरावीक सेवा झालेल्या सगळ्यांना मिळालं, मग माणूस सीमेवर असो की पुण्याच्या कॅम्पात. समर सेवा स्टार मात्र प्रत्यक्ष युद्धक्षेत्रात असलेल्यांचं. म्हणजे "आजोबा खरंच आघाडीवर होते का" या प्रश्नाचं पहिलं उत्तर घरातच आहे. सैन्य सेवा पदकाच्या फितीवर धातूची छोटी पट्टी असते, तिच्यावर प्रदेशाचं नाव असतं: जम्मू-काश्मीर, नेफा (आजचा अरुणाचल प्रदेश), हिमालय. युद्धाआधी किंवा नंतर ते कुठे होते ते त्या पट्टीवरून कळेल. घरच्या आठवणींत हा भाग बहुतेक वेळा हरवलेला असतो.

आता क्रमांक. त्याची सुरुवात 'ईसी', म्हणजे इमर्जन्सी कमिशन, अशी असेल. कायम कमिशनवाल्यांचा क्रमांक 'आयसी'ने सुरू होतो, शॉर्ट सर्व्हिसचा 'एसएस'ने. हा भेद चरित्रात महत्त्वाचा आहे, कारण ईसी म्हणजे १९६२ च्या चीन युद्धानंतरची भरती. सैन्याला घाईने अधिकारी हवे होते. कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली, नोकरीला लागलेली, कुणी शिक्षक, कुणी कारकून, अशी मुलं काही महिन्यांच्या प्रशिक्षणानंतर सेकंड लेफ्टनंट झाली. त्यासाठी १९६३ मध्ये दोन नवीन ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूल उघडली, एक मद्रासला आणि एक पुण्यात. आजोबांचं प्रशिक्षण पुण्यातच झालं असेल तर गावातच राहून घरापासून तुटणं काय असतं, ते पत्रांत कुठेतरी आलेलं असेल. नीट वाचा. आणि १९६६ नंतर या अधिकाऱ्यांना टप्प्याटप्प्याने मोकळं केलं गेलं. काहींना कायम कमिशन मिळालं, पुष्कळांना नाही. विशी संपता संपता हातात रिलीज ऑर्डर, थोडी ग्रॅच्युइटी आणि पेन्शन नाही. पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, शोधण्यात वेळ घालवू नका, तो नसणारच. १९६८ मध्ये पुण्याच्या स्टेशनवर उतरलेला हा माणूस पेन्शनर नव्हता, बेकार होता. पेपरात नोकरी "धरली" की "मिळाली", हे आजी हयात असतील तर त्यांना विचारा. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातला खरा वळणाचा भाग हाच आहे, आणि पुस्तकांत त्याला एक वाक्य मिळतं: "सैन्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी अमुक वृत्तपत्रात प्रवेश केला."

कमिशनची आणि बढतीची अधिकृत नोंद भारताच्या राजपत्रात, म्हणजे गॅझेटमध्ये, भाग १ विभाग ४ मध्ये छापली जाते. तिथे कायम हुद्दा कळतो. घरात सगळे 'मेजर' म्हणत आणि गॅझेटात 'कॅप्टन' निघाला तर दचकू नका. कार्यकारी हुद्दा वेगळा असायचा, तो खरोखर खांद्यावर असायचा, पण कायम हुद्दा खालचा. दोन्ही लिहा, कुठला कोणता ते स्पष्ट लिहा. जुन्या सरकारी प्रकाशनांसाठी पुण्यात गोखले इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात आधी चौकशी करा. अधिकाऱ्यांचा सेवा-तपशील दिल्लीत सेना मुख्यालयाच्या अ‍ॅडज्युटंट जनरल शाखेकडे असतो. वारस म्हणून अर्ज करावा लागतो, मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा जोडून. अर्ज कसा करायचा हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात सांगतात. राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचं मुख्यालयही पुण्यातच आहे, म्हणून पुणेकरांना हे सोपं जातं. (ज्यांचे आजोबा जवान किंवा जेसीओ (नायब सुभेदार, सुभेदार वगैरे) होते त्यांनी दिल्लीला लिहू नये. त्यांची कागदपत्रं रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात असतात: मराठा लाइट इन्फंट्रीची बेळगावला, बॉम्बे सॅपर्सची खडकीला, तोफखान्याची नाशिक रोडला, रणगाड्यांची नगरला.)

पत्रांविषयी एक गोष्ट. पाकिटावर किंवा इनलँडवर पत्ता '५६ एपीओ' (लष्करी टपाल कार्यालय) असा दिसेल, गावाचं नाव नसेल. ते मुद्दामच. पण टपालाच्या शिक्क्यात फील्ड पोस्ट ऑफिसचा क्रमांक असतो आणि तारीख असते. लष्करी टपालाचा अभ्यास करणारे संग्राहक त्या क्रमांकांवरून तुकडी कुठल्या फॉर्मेशनबरोबर (ब्रिगेड, डिव्हिजन) होती ते बरंच सांगू शकतात. म्हणून पत्रं उलगडताना शिक्का असलेली बाजू फाडू नका, आधी दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. आणि मजकुरात युद्ध शोधू नका, ते नसेल. तिकडून लिहिणारा माणूस आंब्याची चौकशी करतो, धाकट्या भावाच्या मॅट्रिकच्या निकालाची करतो. सप्टेंबर १९६५ च्या आगेमागे पत्रं किती दिवसांनी आली ते बघा. एखादा मोठा खंड दिसला तर तोच त्या युद्धाचा घरातला पुरावा आहे.

काकांना युद्धाचं प्रकरण दणकेबाज हवंय, हे मी समजू शकतो. पण आजोबा सर्व्हिस कोअरमध्ये होते, याचा कमीपणा वाटून घेऊन त्यांना रणगाड्यांपुढे उभं करू नका. १९६५ चा क्रम सरळ आहे: ऑगस्टमध्ये काश्मिरात घुसखोरी, १ सप्टेंबरला छांबवर हल्ला, ६ सप्टेंबरला आपलं सैन्य लाहोरच्या दिशेने, मग खेमकरणजवळ असल उत्तर, सियालकोट भागात फिल्लोराची लढाई, आणि २३ सप्टेंबरला युद्धविराम. पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल तारापोर १६ सप्टेंबरला पडले, त्यांना परमवीर चक्र मिळालं. हे सगळं घडत असताना तोफेला गोळा, रणगाड्याला इंधन आणि जवानाला जेवण कुणीतरी पोचवत होतं. पाकिस्तानी सेबर विमानं रस्त्यावरचे ताफे शोधत फिरायची, म्हणून ट्रक रात्री, दिवे झाकून चालायचे. लष्करी गाड्या पुरेनात तेव्हा पंजाबातल्या खासगी ट्रकवाल्यांच्या गाड्या घेतल्या, आणि ते ड्रायव्हर स्वतः दारूगोळा घेऊन आघाडीपर्यंत गेले. पंचविशीतला एक पुणेरी लेफ्टनंट, गणवेश नसलेल्या, वयाने वडलांएवढ्या सरदारजी ड्रायव्हरांना अंधारात ओळीने चालवतोय. एवढं लिहिलंत तरी वाचणारा जागचा हलणार नाही. मात्र तेही त्यांच्या पत्रांत, सेवा-तपशिलात किंवा सोबतच्या अधिकाऱ्याच्या सांगण्यात आलं असेल तरच त्यांच्या नावावर लिहा. नसेल तर "सर्व्हिस कोअरच्या तुकड्या त्या काळात हे करत होत्या" असं लिहा आणि पुढे चला. त्यांनी जे घरी कधी सांगितलं नाही ते तुम्ही कल्पनेने भरू नका. त्यांच्या गप्प राहण्याचा मान पुस्तकानेही ठेवायला हवा.

आता एक जागा सांगतो, जिथे दोन्ही आयुष्यं एकमेकांना भेटतात. डिसेंबर १९७१. आजोबा गणवेशाबाहेर येऊन तीनच वर्षं झाली आहेत. ३ डिसेंबरच्या संध्याकाळी युद्ध सुरू झालं आणि १६ ला ढाक्यात शरणागती. त्या दिवसांचे त्यांच्या पेपरचे अंक एकामागून एक काढा आणि शेजारी त्यांची त्या वर्षाची डायरी ठेवा. रात्री टेलिप्रिंटरवर इंग्रजी मजकूर खडखडत यायचा, उपसंपादक तो तिथल्या तिथे मराठीत करायचे, खाली मशीन थांबलेलं असायचं आणि वितरणवाला घड्याळाकडे बघत उभा. शेवटच्या बातमीसाठी थांबायचं की गाडी सोडायची? थांबलं तर साताऱ्याची, कोल्हापूरची एसटी चुकते. सोडलं तर ढाक्याची बातमी नसलेला अंक जातो. आणि हा अंक जायचा कुठे? सातारा, सांगली, कोल्हापूर. मराठा लाइट इन्फंट्रीत घरटी एक माणूस असलेली गावं. साताऱ्याजवळचं अपशिंगे तर 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जवान कामी आले होते. ११ डिसेंबरला जमालपूर पडलं, त्या लढाईत पहिली मराठा, म्हणजे जंगी पलटण, होती. ती बातमी ज्या घरांना हवी होती त्यांच्या गावाच्या एसटी थांब्यावर पेपरचा गठ्ठा पडेपर्यंत माणसं ताटकळत असत, असं मी जुन्या एजंटांकडून ऐकलंय. आमच्या ऑफिसात तेव्हा आकडे बघणारे खूप होते. त्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून आलेला माणूस एखादाच असणार. आजोबांनी त्या दिवसांत प्रती वाढवल्या का, गाड्या वेगळ्या सोडल्या का, कुठल्या गावाला जादा अंक गेले, हे डायरीत असेल. हे प्रकरण सापडलं तर पुस्तकाचा मध्य तुम्हाला मिळाला.

डायऱ्या वाचायची एक पद्धत असते. वितरणवाला भावना लिहीत नाही, आकडे लिहितो. मी पाहिलेल्या एका डायरीत एका पावसाळी तारखेखाली एवढंच होतं: "सा. १५० कमी. गाडी २.४०. घाट." त्याचा अर्थ असा: मशीन उशिरा सुरू झालं, गाडी नेहमीच्या वेळेऐवजी दोन चाळीसला सुटली, खंबाटकी घाटात अडकली, साताऱ्याच्या पुढच्या लाइनीची (वाटपाच्या मार्गाची) एसटी चुकली आणि तेवढे अंक विकले गेले नाहीत. पुढच्या पानावर, दुसऱ्या शाईने: "जा. बोललो." मशीनखात्याच्या फोरमनशी बोलणं झालं. दोन ओळींत एका रात्रीची धावपळ, नुकसान आणि भांडण. अशा नोंदी उलगडायला त्या काळचा, वितरणातला किंवा मशीनवरचा एखादा माणूस शेजारी बसवा. सुरुवातीला छपाई, पाठवणी, परत आणि निव्वळ खप हे चार आकडे ओळखायला शिका, बाकी आपोआप लागत जातं.

न विकता परत आलेल्या अंकांवर थोडं थांबतो, कारण माणसाचा स्वभाव तिथे दिसतो. एजंट अनामत भरतो, कमिशनवर अंक घेतो, न विकलेले काही प्रमाणात परत करतो आणि महिन्याचे पैसे थकवतो. थकबाकी वाढली की पार्सल बंद करायचं, हा नियम. पण तालुक्याच्या गावी एजंट एकच असतो. पार्सल बंद म्हणजे ते गाव दुसऱ्या पेपरच्या हाती गेलं. १९७२ च्या दुष्काळात हे पुष्कळ ठिकाणी झालं असणार. लोकांकडे पैसे नव्हते, एजंटांची वसुली होत नव्हती. आजोबांनी कुणाचं पार्सल चालू ठेवलं, कुणाचं बंद केलं? याचं उत्तर ऑफिसात मिळणार नाही, सासवड, बारामती, फलटण, जुन्नर अशा गावांतल्या जुन्या एजन्सीत मिळेल. बऱ्याच एजन्सी आता मुलं किंवा नातवंडं चालवतात. तिथे जाऊन "आजोबा कसे होते?" असं विचारू नका. "देवमाणूस होते" एवढंच उत्तर येईल आणि चहा येईल. विचारा: गठ्ठा किती वाजता यायचा? कोण उतरवायचं? पावसात भिजला तर? पैसे थकल्यावर पहिला निरोप कुणाचा यायचा? अशा प्रश्नांना माणूस हात हलवत उत्तर देतो, आणि त्या उत्तरात तुमचे आजोबा चालत येतात.

शहरातल्यांना अनंत चतुर्दशीचं विचारा. ज्यांचा छापखाना पेठेत होता त्यांची ही वर्षातली सगळ्यात अवघड रात्र. लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता मिरवणुकांनी भरलेले, मिरवणूक दुसऱ्या दिवशीही चालूच, आणि त्यातून अंकाचे गठ्ठे बाहेर काढायचे. कुठल्या बोळातून, हातगाडीवर की डोक्यावर, पोलिसांशी कोण बोलायचं, विक्रेत्यांना कुठे बोलावलं जायचं, हे जुने विक्रेते हमखास रंगून सांगतात. तसंच १९७६-७७ चं. जोशी-अभ्यंकर खुनांच्या त्या महिन्यांत पुणं अंधार पडताच दारं लावून घ्यायचं. रात्रपाळी मात्र चालू होती. अक्षरं जुळवणारे कंपोझिटर, मशीनमन, पहाटे चारला सायकलवर निघणारी लाइन टाकणारी मुलं, यांची त्या दिवसांत काय व्यवस्था केली होती, ते विचारा.

कागदाचा भाग किचकट आहे, पण टाळू नका. न्यूजप्रिंट तेव्हा सरकारी कोट्यातून मिळायचा. काही परदेशातून येई, काही मध्य प्रदेशातल्या नेपानगरच्या गिरणीतला. किती पानं, काय किंमत, यात सरकारने हात घालण्याचा प्रयत्न केला तेव्हा पुण्याच्याच 'सकाळ'ने न्यायालयात जाऊन तो हाणून पाडला होता. सप्टेंबर १९६१ चा सर्वोच्च न्यायालयाचा तो निकाल आजही कायद्याच्या वर्गात शिकवतात. त्यानंतर १९७२-७३ च्या कागद धोरणात दहा पानांची मर्यादा आली आणि तीही १९७२ मध्येच न्यायालयाने रद्द केली. कोटा मात्र राहिला. खपावर कोटा, खपावर जाहिरातीचा दर, त्यामुळे खपाचा आकडा म्हणजे सगळंच. एबीसी, म्हणजे ऑडिट ब्यूरो ऑफ सर्क्युलेशन्स, १९४८ पासून दर सहामाहीचा खप तपासून प्रमाणपत्र देते. वितरण व्यवस्थापकावर आकडा फुगवायचा मोह आणि दबाव सतत असायचा. आजोबा त्यात कुठे उभे होते, हा चरित्रातला नाजूक आणि महत्त्वाचा प्रश्न आहे. डायरीतला परतीचा आकडा आणि प्रमाणपत्रातला निव्वळ खप शेजारी ठेवलात तर कागदच बोलेल. काही असलं तरी लपवू नका.

नावाचा पुरावा हवा असेल तर अंकाच्या शेवटच्या पानावर तळाशी बारीक अक्षरात छापलेली ओळ बघा, मालक-मुद्रक-प्रकाशक-संपादकाची. पुष्कळ पेपरांत मुद्रक-प्रकाशक म्हणून व्यवस्थापनातल्या माणसाचं नाव असायचं. शिवाय दर वर्षी फेब्रुवारी संपल्यावरच्या पहिल्या अंकात मालकीचं निवेदन छापावं लागायचं, 'फॉर्म नं. ४, नियम ८ पाहा' असं शीर्षक असलेलं. प्रत्येक वर्षाच्या मार्चच्या पहिल्या आठवड्याचे अंक चाळलेत की आजोबांचं नाव कधी आलं आणि कधी गेलं ते कळेल. नाव असेल तर १९७५ च्या जूनपासूनचं पर्व नव्याने बघा. आणीबाणीच्या सेन्सॉरशिपची आठवण काढताना लोक संपादकांची नावं घेतात, पण कायद्याने मुद्रक आणि प्रकाशकही तितकेच जबाबदार होते. ज्या माणसाने चीन युद्धाच्या वेळच्या आणीबाणीत कमिशन घेतलं त्याचं नाव दुसऱ्या आणीबाणीत अंकाच्या तळाशी होतं का? जुन्या अंकांसाठी केसरीवाड्यातलं केसरी-मराठा ग्रंथालय, नारायण पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालय, विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय या ठिकाणी आधी फोन करून कुठल्या पेपरच्या कुठल्या सालच्या फाइली आहेत ते विचारा. पेपरच्या कचेरीतही बांधीव फाइली असतात. माजी सरव्यवस्थापकाच्या नातीला नाही म्हणणार नाहीत.

एक प्रकरण तुम्हाला जड जाईल. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून पुढच्या दहा-पंधरा वर्षांत खिळ्यांची (शिशाच्या सुट्या अक्षरांची) जुळणी गेली, फोटो कंपोझिंग आणि ऑफसेट आलं. हाताने खिळे जुळवणाऱ्या माणसांचं आयुष्यभराचं कसब एकाएकी निरुपयोगी झालं. त्याच काळात वृत्तपत्र कर्मचाऱ्यांच्या वेतनाचे निवाडे आले, १९८० चा पालेकर, १९८९ चा बच्छावत. आजोबा तेव्हा वरच्या जागेवर होते. कुणाला पेस्टिंगला (पानावर मजकूर चिकटवायला) बसवलं, कुणाला की-बोर्ड शिकवला, कुणाला हिशेब करून घरी पाठवलं, या यादीवर त्यांची सही असणार. युनियनचा तेव्हाचा एखादा कार्यकर्ता हयात असेल तर त्यांना भेटा, आणि काकांना सोबत नेऊ नका. तुमच्या आजोबांविरुद्ध घोषणा दिलेला माणूस त्यांच्याबद्दल जे सांगेल ते कुठल्याही सत्कारसमारंभातल्या भाषणापेक्षा जास्त विश्वासाचं असतं. माझ्या अनुभवात अशी माणसं कडवट बोलत नाहीत. तपशिलात बोलतात. कुणाचा बोनस अडला, कुणाच्या मुलीच्या लग्नाला साहेब आले आणि कुणाच्या नाही. ते तसंच छापा, त्यांना आधी वाचायला देऊन.

'लष्करी शिस्त' हे दोन शब्द सगळ्या मसुद्यातून काढून टाका. प्रत्येक माजी सैनिकाच्या चरित्रात ते येतात आणि काहीच सांगत नाहीत. सैन्यातून नक्की काय आलं ते दाखवा. कदाचित रात्री गाडी सुटेपर्यंत खुर्चीवर न बसण्याची सवय आली असेल. ड्रायव्हरला नावाने हाक मारणं, तो जेवला का हे विचारणं आलं असेल. तोंडी निरोपावर विश्वास न ठेवता चिठ्ठी मागणंही असेल. कदाचित काहीच आलं नसेल आणि ते मुळातच वक्तशीर घरातले असतील. त्यांच्या आईला ओळखणारं कुणी असेल तर तेही विचारून घ्या.

त्यांच्या निधनाची बातमी पेपरात आली असेल, ती जपा पण तिच्यावर भिस्त ठेवू नका. निधनवार्ता बहुतेक वेळा दुःखातल्या कुणीतरी फोनवर सांगितलेली असते, आणि साल, हुद्दा, नातेवाइकांची संख्या यांत गडबड होते. तीच चूक मग श्रद्धांजलीत, मग स्मरणिकेत जाते. प्रत्येक साल मूळ कागदाशी ताडून बघा.

कामाचा क्रम असा ठेवा. पहिल्यांदा माणसं, वयाने सगळ्यात मोठी असतील ती आधी. त्यांचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करा, त्यांची परवानगी रेकॉर्डिंगमध्येच घेऊन. दिल्लीचा अर्जही लगेच टाका, कारण उत्तराला महिने लागतात. डायऱ्यांचे सगळ्या पानांचे फोटो घेऊन दोन ठिकाणी ठेवा, आणि मूळ डायऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून सुती कापडात गुंडाळा, प्लॅस्टिकमध्ये पुण्याच्या पावसाळ्यात त्यांना बुरशी येते. ग्रंथालयं शेवटी. पुस्तक झालं की शेवटी नावांची सूची जरूर द्या, एजंट, ड्रायव्हर, फोरमन, कंपोझिटर सगळ्यांची, गावासकट. एक प्रत पुणे मराठी ग्रंथालयाला आणि एक रानडे इन्स्टिट्यूटमधल्या पत्रकारिता विभागाला द्या. तिथे संपादकांवर लिहिलेलं पुष्कळ मिळतं, वितरणावर फार थोडं. डायरीतल्या खुणा लागल्या नाहीत तर पानांचे फोटो पाठवा. साताऱ्याच्या लाइनीवरच्या मला बहुतेक ओळखता येतील.